पाठीच्या ऑपरेशननंतर पुन्हा व्यायाम : माझे चौदा महिने आणि गणपतीतला गाढवपणा

पोखरणकर (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ९:४०

इथे शोधलं तर पाठीचं ऑपरेशन करावं की नाही यावर ढीगभर चर्चा सापडते. करून घरी आल्यावर पुढे काय, यावर कोणी फारसं लिहीत नाही. बरे झालेले लोक बहुतेक गायब होतात. मी अजून पुरता बरा नाही, म्हणून लिहितोय.

वय ४४. ठाण्यात पोखरण रोडला राहतो, नोकरी महाप्याला. म्हणजे दिवसाचे नऊ तास खुर्ची आणि दोन तास बस. आधी सात-आठ वर्षं बऱ्यापैकी धावत होतो. येऊरच्या डोंगराचा चढ, रविवारी उपवन तळं, वर्षा मॅरेथॉनचे २१ किलोमीटर दोनदा.

माझ्या दुखण्याची सुरुवात कमरेतून झालीच नाही, चपलेपासून झाली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ठाणे स्टेशनच्या पुलावर डाव्या पायातली चप्पल निसटली. ती शोधायला थांबलो तर मागच्याने आईवरून शिवी दिली. आठवडाभरात तीनदा निसटली तेव्हा मी नवी चप्पल घेतली. तीही निसटायला लागली. मग कुल्ल्यापासून नडगीच्या बाहेरच्या बाजूने थेट पावलापर्यंत कळ, रात्री मुंग्या, आणि एक दिवस लक्षात आलं की डावा अंगठा वर उचलतच नाही. एमआरआयमध्ये एल ४-एल ५ची गादी (कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली डिस्क) डावीकडे बाहेर आलेली, नस दाबून बसलेली. सहा आठवडे गोळ्या, शेक, आराम सगळं केलं. कळ थोडी कमी झाली, पण अंगठ्याची ताकद घटतच चालली म्हटल्यावर सर्जन म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मायक्रोडिसेक्टमी, म्हणजे गादीचा बाहेर आलेला तुकडा काढायचं ऑपरेशन.

भूल उतरल्यावर पहिलं काय कळलं असेल तर पायातली कळ गेली. अक्षरशः बटण बंद केल्यासारखी. दुसऱ्या दिवशी चालवलं, तिसऱ्या दिवशी घरी. हातात एक कागद : वाकू नका, वजन उचलू नका, कमरेतून वळू नका, सहा आठवडे. सातव्या आठवड्यात काय करायचं ते कागदावर नव्हतं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, ऑपरेशन त्यांनी चोखच केलं. पण गाडी दुरुस्त करून देताना सुद्धा मेकॅनिक सांगतो, पहिले हजार किलोमीटर जरा दमानं घ्या.

मे महिनाभर बिल्डिंगभोवती फेऱ्या मारल्या. एक फेरी म्हणजे माझी २१० पावलं. पहिल्या दिवशी तीन फेऱ्या झाल्यावर वॉचमनने न सांगता खुर्ची आणून ठेवली. दर दोन दिवसांनी एक फेरी वाढवायची, एवढाच कार्यक्रम. जूनमध्ये ऑफिस सुरू. जुलैत उपवनला चालायला लागलो. दुखणं शून्य. ऑगस्टमध्ये सोसायटीच्या जिममध्ये गेलो. तिथल्या ट्रेनरला सगळं सांगितलं, तो म्हणाला, सर, पाय मजबूत केले की पाठ आपोआप. लेग प्रेसवर ३० किलो लावले. तेही जमलं. छाती फुगली.

मग गणपती. आमचा दीड दिवसाचा. मूर्ती शाडूची, फूटभर, पाटासकट सात-आठ किलो असेल. विसर्जनाला दरवर्षी मीच धरतो. बायको म्हणाली, यंदा भाच्याला धरू दे. मी म्हटलं, अगं, जिममध्ये याच्या चौपट ढकलतो. कृत्रिम तलावापाशी रांग, वरून पाऊस, वीस-पंचवीस मिनिटं पाट पुढे धरून उभा. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून हात लांब केलेले. शेवटची आरती झाली, कडेला वाकून स्वयंसेवकाच्या हातात पाट दिला, आणि तो डावीकडे उभा होता म्हणून देताना डावीकडे वळलो. वाकणं, वजन, वळणं. कागदावरच्या तिन्ही गोष्टी एका क्षणात, बाप्पाच्या साक्षीने.

तेव्हा काहीच झालं नाही. घरी येऊन वाटली डाळ खाल्ली. रात्री दोनला उठलो तर डावी नडगी पेटलेली.

पुन्हा एमआरआय. नशीब, गादी परत बाहेर आली नव्हती, नसेभोवती सूज होती. पण तीन आठवडे पलंग आणि पुन्हा बिल्डिंगभोवती तीन फेऱ्यांपासून सुरुवात. या वेळी मात्र नीट फिजिओथेरपी केली. एका सिटिंगचे ६०० रुपये. विमा कंपनीने ऑपरेशनचे पैसे निमूट दिले, फिजिओच्या बिलांवर मात्र फुली मारली.

आज परिस्थिती अशी की ५ किलोमीटर भरभर चालतो, पाठ दुखत नाही, बसलं की दीड तासाने आठवण करून देते. आता धावायचंय. डिसेक्टमीनंतर रस्त्यावर पुन्हा धावणारं कोणी आहे का इथे? कधी सुरू केलंत? वजनं उचलता का? सूर्यनमस्कार घालावेत का, यावर घरात दोन तट पडलेत (मी आणि आई), तेही सांगा.

---

सव्वासातची लोकल | रविवार, सकाळी १०:१५

चप्पल वाचून पोटात गोळा आला. माझंही एल ५-एस १ (त्याखालची, कमरेतली शेवटची गादी) निघालंय, डाव्या पायाला मुंग्या. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लागेल कदाचित. कळवा ते तुर्भे रोजचा प्रवास, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर. करावं का हो?

---

हिंगाचा खडा | रविवार, सकाळी ११:०२

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. पाठीला सुरी लावायचीच नसते. आमच्या गावाकडे मणका बसवणारा एक माणूस होता, तीन झटक्यांत माणूस चालता करायचा. वडिलांना बैलगाडीतून नेलं होतं, परत स्वतः हाकत आले. हल्ली जरा उसण भरली की एमआरआय. आणि एवढ्या पैशांत काय मिळालं, तर पाट उचलता येत नाही!

---

पोखरणकर | रविवार, सकाळी ११:२०

काका, राग कसला. पण तुमच्या वडिलांचा अंगठा उचलत होता ना?

---

गोफ | रविवार, दुपारी ३:३०

वाशीला सोळा वर्षं फिजिओथेरपी करतेय, त्यामुळे राहवत नाही. एकाच प्रतिसादात तिघांना उत्तर देते.

खडाकाका, 'मणका सरकला', 'गॅप पडली', 'गादी हलली' हे शब्दच घोळ करतात. गादी म्हणजे खुर्चीवरची उशी नव्हे, की सरकली आणि परत ढकलली. उकडीच्या मोदकाची पारी एका कडेने फाटली आणि सारण बाहेर आलं, असं डोळ्यांपुढे आणा. बाहेरून झटके देऊन सारण आत जात नाही. तुमच्या वडिलांना बहुधा स्नायूची उसण होती. ती तशीही आठ-दहा दिवसांत सुटते, श्रेय त्या दिवशी ज्याच्याकडे गेलो त्याला मिळतं. ज्याची नस आधीच दबलेली आहे त्याला असा झटका बसला तर पाय कायमचा लुळा पडू शकतो. मी असे पेशंट पाहिलेत, म्हणून एवढं तिखट लिहितेय.

लोकलदादा, बाहेर आलेलं सारण शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, बऱ्याच जणांचं काही महिन्यांत आकसतं. म्हणून नुसत्या कळेसाठी साधारण सहा ते बारा आठवडे थांबून बघतात. ताकद कमी होत असेल तर गोष्ट वेगळी. एल ५-एस १ म्हटल्यावर तुम्ही घरी एक करून पाहा : भिंतीला बोटं टेकवून एका पायावर टाच उचला, दहा-वीस वेळा. उजव्याला जमतंय आणि डाव्याला पाचव्यालाच टाच खाली येतेय, तर ते डॉक्टरांना आकड्यांसकट सांगा. आणि लघवी अडली, कळेनाशी झाली, किंवा मांड्यांच्या मध्ये, बसायच्या जागी बधिरपणा आला, तर इथे प्रश्न टाकत बसू नका. त्याच तासाला इमर्जन्सी. त्यात तास महत्त्वाचे असतात.

आता धागाकर्ते. तुमचं सगळ्यात मोठं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, 'दुखणं शून्य.' ऑपरेशन नसेवरचा दाब काढतं, म्हणून कळ बटणासारखी बंद होते. पण त्याआधीचे तीन महिने तुम्ही वाकडे चाललात, झोपून राहिलात. मणक्यालगतचे छोटे स्नायू त्यात वाळतात आणि कळ गेली म्हणून ते आपोआप परत येत नाहीत. नसेचंही तसंच. आतला तंतूच गेला असेल तर नवा तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर सरकतो. कमरेपासून नडगीपर्यंत मोजा आणि हिशोब करा. ऑगस्टमध्ये तुमची कळ बरी झाली होती, तुम्ही नव्हता झालात.

पाटाचं गणित सांगते. आठ किलो छातीला चिकटवून धरले तर कमरेला जाणवतातच. तेच हात लांब करून धरले की तरफेचा दांडा वाढतो, आणि कमरेचे स्नायू मणक्याच्या अगदी जवळून ओढतात म्हणून त्यांना त्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. तो सगळा जोर गादीवर येतो. लेग प्रेसवर पाठ टेकलेली असते, ३० किलो पाय ढकलतात, पाठीची परीक्षा होतच नाही. तुम्ही गणिताच्या पेपरात ९० पडले म्हणून भूगोलाला न वाचता गेलात.

---

ओट्यापाशी | रविवार, दुपारी ४:५०

गोफताई, भूगोल भारी!

मी खारघर. माझं फ्यूजन झालंय, स्क्रू आणि रॉड, अडीच वर्षं होतील. आधीच सांगते, माझं आणि धागाकर्त्यांचं एका मापाने मोजू नका. डिसेक्टमीत फाटलेला तुकडा काढतात. फ्यूजनमध्ये दोन मणके कायमचे जोडतात आणि ते हाड जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं. मला तीन महिने नुसतं चालणं होतं. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या मिस्टरांचं उदाहरण देऊन सहाव्या आठवड्यात मला योगाच्या वर्गाला ओढायचा प्रयत्न केला. त्यांचं ऑपरेशन मुळात वेगळं होतं.

पण मला लिहायचंय ते दुसरंच. तुम्ही सगळे धावणं, जिम, मॅरेथॉन म्हणताय. माझा फिटनेस म्हणजे ओटा. 'वजन उचलू नका' म्हणून सांगतात, पण भरलेला कुकर, पिठाचा डबा, पाण्याने भरलेली बादली, ओले कपडे हे कोणी वजनात धरत नाही. पुरुषमाणूस सहा आठवडे झोपला तर त्याला पेशंट म्हणतात. मला तिसऱ्या आठवड्यात सासूबाई प्रेमाने म्हणाल्या, अगं, नुसती फोडणी घाल, बाकी मी बघते. फोडणी घालायला अर्धा तास उभं राहायचं, आणि कढई खालच्या कप्प्यात!

मग फिजिओने माझ्या घरी येऊन स्वयंपाकघर पाहिलं. ते त्या बाईंनी केलेलं सगळ्यात मोठं काम. रोज लागणारं सगळं कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली आणलं. पिठाचा १० किलोचा डबा गेला, दोन-दोन किलोच्या बरण्या आल्या. ओट्याशी उभं राहताना एक पाय पाटावर, दर थोड्या वेळाने पाय बदलायचा. कपडे मशीनमधून एक-एक काढायचे आणि काढताना एक गुडघा टेकायचा. पोळ्या लाटताना ओटा मला चार बोटं बुटका पडतो हे लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर कळलं. लाकडी ठोकळ्यांवर पोळपाट ठेवला, मानेचंही दुखणं गेलं.

नवऱ्याने पहिल्यांदा लादी पुसली त्या दिवसाचा फोटो माझ्याकडे आहे. टाकणार नाही.

---

सव्वासातची लोकल | रविवार, संध्याकाळी ७:१०

गोफताई, आत्ता करून बघितलं. उजवा वीस, डावा सात. उद्याच डॉक्टरांना फोन करतो. थँक्यू.

---

क्रीजमध्ये | रविवार, रात्री ९:०५

एवढं काय घाबरवताय लोकांना? बुमराहचं मार्च २०२३मध्ये पाठीचं ऑपरेशन झालं आणि ऑगस्टमध्ये आयर्लंडविरुद्ध कॅप्टन म्हणून बॉलिंग टाकत होता. टायगर वुड्सचं एप्रिल २०१७मध्ये फ्यूजन, एप्रिल २०१९मध्ये गोल्फची मास्टर्स स्पर्धा जिंकला. मन पक्कं हवं.

---

धावरा पामबीच | रविवार, रात्री १०:३०

मन पक्कं आणि सोबत चोवीस तास फिजिओ, ट्रेनर, स्वयंपाकी हवेत. बुमराहला महाप्याची बस पकडायची नव्हती :) शिवाय त्याचं दुखणं फास्ट बॉलरचं, हाडावर ताण येऊन पडणाऱ्या चिरेचं. गादीचं नाही. वुड्सची तर फ्यूजनआधी पाठीची आणखी तीन ऑपरेशनं झाली होती. दर वेळी परतायची घाई आणि पुन्हा टेबलावर. ते उदाहरण मी उलट्या बाजूने देतो.

पोखरणकर, मी तुम्हाला हवा असलेला माणूस. एल ५-एस १, डिसेक्टमी, चार वर्षं झाली, पन्नाशीला आलोय. आता आठवड्याला २०-२५ किलोमीटर धावतो, हाफ मॅरेथॉन एक केली, पूर्ण कधीच करणार नाही.

सहाव्या महिन्यात सुरू केलं. त्याआधी माझ्या फिजिओने तीन अटी घातल्या होत्या. पाऊण तास भरभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी काही वाटता कामा नये. एका पायावर उभं राहिलं की कंबर दुसऱ्या बाजूला लचकता कामा नये. दोन्ही पायांच्या टाचा सारख्याच वेळा उचलल्या पाहिजेत. एकटी तिसरी अट पुरी करायला मला अडीच महिने लागले. तोवर चिडचिड, घरच्यांशी भांडणं, बूट कपाटात.

मग १ मिनिट धावायचं, २ मिनिटं चालायचं, असे आठ फेरे, एक दिवसाआड. लाज वाटायची. पाम बीचच्या फुटपाथवर सत्तरीचे आजोबा मला मागे टाकून जायचे आणि वळून 'कम ऑन' म्हणायचे. मी गळ्यात पाटी अडकवायचा विचार करत होतो, 'ऑपरेशन झालंय.' दोन गोष्टींनी फरक पडला. ढांग लहान केली आणि पावलं वाढवली. पाय पुढे फेकून टाच आपटली की धक्का सरळ वर जातो. आणि उतार टाळले. पारसिक हिलवरून चढताना काही झालं नाही, उतरताना दोनदा पाठ धरली. आता चढतो आणि रिक्षाने उतरतो. हसा.

येऊरला जात असाल तर हेच लक्षात ठेवा, चढ तुमचा मित्र, उतार नाही. पावसात तर शेवाळावरून घसरण्याचा धोका आणखी. घसरलो नाही तरी सावरताना जो हिसका बसतो तो वाईट.

---

पोखरणकर | सोमवार, सकाळी ८:२०

(बसमधून लिहितोय. पटनीच्या सिग्नलला अडकलोय, म्हणजे भरपूर वेळ आहे.)

धावरा, तिन्ही अटी काल रात्री बाथरूमच्या आरशासमोर तपासल्या. डाव्या पायावर उभा राहिलो की उजवी कंबर खाली येते. बायकोने मोबाईलवर शूट केलं, म्हणाली, लावणीला चालेल.

ओट्यापाशी ताई, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. त्याचे परिणाम मला भोगावे लागणार आहेत.

गोफताई, तो कंबर खाली येण्याचा काय प्रकार? आणि सूर्यनमस्कार?

---

गोफ | सोमवार, दुपारी २:१५

एल ४-एल ५ला जी नस सापडते ती बहुधा एल ५ची. तीच अंगठा उचलते, तीच पाऊल उचलते (म्हणून तुमची चप्पल), आणि कुल्ल्याच्या बाजूचा जो स्नायू एका पायावर उभं असताना कंबर सरळ ठेवतो, त्यालाही मुख्यतः तीच पोचते. धावणं म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या. दर पावलाला कंबर लचकत असेल तर हजार पावलांत हजार वेळा मणका वाकडा होणार. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, किंचित मागे ठेवून उचलायचा. पायरीवर आडवं उभं राहून एक पाय खाली सोडायचा आणि कंबर वर घ्यायची. कंटाळवाणं आहे. धावण्याचं तिकीट तिथेच मिळतं.

पाठीसाठी कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात मणक्यावर आयुष्यभर काम केलेले स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम मी बहुतेकांना देते. पाठीवर झोपून, कमरेखाली हात ठेवून, डोकं-खांदे जेमतेम उचलणं. कोपरावर कुशीचा प्लँक, सुरुवातीला गुडघे टेकवून. आणि रांगत्या बाळासारखं होऊन उजवा हात-डावा पाय लांब करणं. प्रत्येकी आठ-दहा सेकंद धरायचं, सोडायचं. दोन मिनिटं दात-ओठ खाऊन धरण्यात काही शहाणपण नाही, कारण पाठीला दिवसभर थोडी थोडी ताकद लागते. नमस्काराइतकं दिसायला देखणं नाही, त्यामुळे लोक आठवड्यात सोडतात.

सूर्यनमस्कार : तुम्ही आणि आई, दोघंही अर्धे बरोबर. त्यातलं भुजंगासन बहुतेकांना चालतं. हस्तपादासनात पाय ताठ ठेवून जमिनीला हात टेकवायचा हट्ट तूर्त सोडा. गुडघे वाकवा, कुल्ले मागे न्या, कमरेच्या खुब्यातून वाका, पाठ गोल करू नका. पश्चिमोत्तानासन आणि हलासन या वर्षी नकोच. आणि सकाळी उठल्याउठल्या तर काहीच वाकायचं नाही. रात्रभर झोपलं की गाद्या पाणी पिऊन फुगतात, म्हणूनच सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते. त्या फुगलेल्या गादीवर वाकून ताण द्यायचा म्हणजे टम्म फुग्याला चिमटा. तासभर चहा-पेपर-चालणं होऊ द्या. पहाटेच्या नमस्कारांचं पुण्य संध्याकाळीही मिळतं, आईंना सांगा.

ओट्यापाशी, हे तुमच्यासाठी नाही. जोडलेल्या मणक्याच्या वर-खालच्या गाद्यांवर जास्त भार येतो, तुमचा आराखडा तुमच्या सर्जनने पाहूनच.

---

हिंगाचा खडा | सोमवार, संध्याकाळी ६:४०

गोफताई, माझी सून पण फिजिओथेरपीच शिकते आहे. तिने हा धागा वाचून मला दोन दिवस जेवायला वाढताना टोमणे मारले. 'पाय कायमचा लुळा' ते माहीत नव्हतं. गावचा तो माणूस वारला, त्यामुळे विचारताही येणार नाही.

एक विचारतो. सहा आठवडे वाकायचं नाही, मग सातव्या आठवड्यात वाकायचं हे शरीराला कोण सांगतं? मला तर हा आकडाच पंचांगातून काढल्यासारखा वाटतो.

---

गोफ | सोमवार, रात्री ९:५०

काका, प्रश्न अगदी नेमका विचारलात. सहा आठवडे हा आकडा बराचसा परंपरेचा आहे. डिसेक्टमीनंतर बंधनं जवळजवळ न घालताही पेशंट चांगले झाल्याचे अभ्यास नव्वदच्या दशकापासून आहेत. कॉक्रेन (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) हिचा २०१४चा आढावा सांगतो की ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी शिस्तीत व्यायाम सुरू केलेल्यांचं दुखणं काहीही न करणाऱ्यांपेक्षा लवकर कमी होतं, आणि त्यामुळे पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण वाढत नाही. पुरावा फार भक्कम नाही हेही त्यातच लिहिलंय. गादी पुन्हा बाहेर येणं शंभरात पाच ते पंधरा जणांना होतं, व्यायाम करा किंवा न करा.

म्हणून मी पेशंटला तारीख देत नाही. दुसऱ्या दिवशीची सकाळ बघायला सांगते. आज काही नवं केलं आणि उद्या सकाळी कालच्याइतकंच वाटलं, तर ते चाललं. जास्त दुखलं तर अर्धं करा, बंद करू नका. पोखरणकरांचं तेच झालं, त्यांनी रात्री दोनपर्यंतही वाट न बघता डाळ खाल्ली :)

आणि भीती. तुम्ही कोणी लिहिलं नाहीत म्हणून मी लिहिते. माझ्याकडे दोन-दोन वर्षांनी लोक येतात, एमआरआय स्वच्छ, पण पडलेला साबण उचलत नाहीत. कमरेचा पट्टा काढत नाहीत. त्यांना पाठ दुखण्यापेक्षा न वाकण्याने जास्त अपंग केलेलं असतं.

---

पोखरणकर | सोमवार, रात्री ११:३०

साबणाचं कसं कळलं तुम्हाला?

डिसेंबरमधली गोष्ट. गणपतीनंतर तीन महिने उलटलेले, फिजिओ सुरू होती, रिपोर्ट ठीक. आंघोळ करताना साबण हातातून निसटून मोरीच्या जाळीपाशी गेला. मी त्याच्याकडे बघत उभा. शेवटी शांपूने अंग धुऊन बाहेर आलो. बायकोला साबण दिसला, तिने काही विचारलं नाही, दुसऱ्या दिवसापासून बाथरूममध्ये द्रव साबणाची बाटली आली. मला इतकं लागलं ते, की मी त्या संध्याकाळी फिजिओकडे जाऊन म्हटलं, आज मला फक्त साबण उचलायला शिकवा. तिने खरंच जमिनीवर एक खोडरबर ठेवला. एक पाय मागे, एक हात खुर्चीवर, कुल्ले मागे, खाली. पहिल्यांदा घाम फुटला. वीस वेळा उचलला. मग हात सोडून. मग २ किलोचं डंबेल. मग ५. आता १२ किलोची केटलबेल जमिनीवरून उचलतो, जवळ ओढून, पोट घट्ट करून, आणि लेग प्रेसच्या ३० किलोंपेक्षा मला त्या खोडरबराचा अभिमान जास्त आहे.

बाटली अजून आहे. साबणही ठेवलाय.

---

ओट्यापाशी | मंगळवार, सकाळी ७:००

तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

---

सव्वासातची लोकल | गुरुवार, रात्री ८:४५

अपडेट. सर्जनना भेटलो. टाचेचा आकडा सांगितल्यावर त्यांनी स्वतः दोनदा करून घेतलं. तीन आठवडे औषध आणि फिजिओ, दर आठवड्याला टाच मोजायची, आकडा खाली गेला तर ऑपरेशन. ऑफिसने आठवड्यातून तीन दिवस घरून काम दिलंय. ट्रेनमध्ये बसायला मिळालं तरी उभाच राहतो, उभं राहिलेलं बरं वाटतं, विशेषतः पुढे झुकून मोबाईल बघत बसण्यापेक्षा. लोक वेड्यासारखं बघतात, ठाण्याला सीट सोडणारा माणूस!

---

धावरा पामबीच | गुरुवार, रात्री ९:१०

बरोबर जाणवतंय तुम्हाला. पुढे झुकून बसलं की गादीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो. स्वीडनच्या नाखेमसन यांनी जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून ते मोजलं होतं. ती माणसं कोण असतील आणि का तयार झाली असतील, मला नेहमी प्रश्न पडतो.

पोखरणकर, धावलात की नाही?

---

पोखरणकर | रविवार, सकाळी ९:१५

आज सकाळी उपवन. पाऊस रिपरिप, तळ्याच्या कडेला छत्र्या घेतलेली मंडळी आणि भुट्टेवाला शेगडी पेटवण्याच्या खटपटीत. १ मिनिट धाव, २ मिनिटं चाल, आठ नाही, पाच फेरे. कंबर अजून लचकते म्हणून गोफताईंचं ऐकून पाचावर थांबलो. तिसऱ्या फेऱ्याला डाव्या पायात काहीतरी हललं असं वाटून थांबलो, बघतो तर बुटाची नाडी. वाकून बांधली. एक गुडघा टेकवून, पण बांधली.

परतताना बूट ओले म्हणून काढून पिशवीत टाकले, पिशवीतली चप्पल घातली आणि पोखरण रोडपर्यंत चालत आलो. दारात चप्पल काढताना लक्षात आलं की दोन्ही पायांत होती.

पुढच्या रविवारी साडेसहाला तिथेच. धावरा, पाम बीचवरून यायचं असेल तर या, उतार नाही.

---

धावरा पामबीच | रविवार, सकाळी ९:३०

आलो. भुट्टा तुमच्याकडून.

---

हिंगाचा खडा | रविवार, सकाळी १०:०५

मी वर्तकनगरलाच राहतो. चालायला येऊ का? धावणार नाही.